शुक्रवारचं तेल

थांबा, आधी मला सांगू द्या! चहा घेत असाल तर घ्या, पण वाचता वाचता घ्या, कारण महिना झाला आणि ही गोष्ट माझ्या पोटात राहत नाहीये!

आधीच सांगून टाकते, मी कुणी जाणकार नाही. पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. यवतमाळात एका बँकेत काउंटरवर बसते, वय अठ्ठावीस, रविवारी उपासनेला जाते, गाणी मोठ्यानं म्हणते आणि सोमवारी पुन्हा काउंटर. उपास हा विषय माझ्या लेखी म्हाताऱ्या माणसांचा होता. मंडळीत ‘उपास-प्रार्थना’ ठरली की मी ड्युटीचं कारण सांगायचे, आणि ते कारण खरंच असायचं!

आणि मग 20 फेब्रुवारीचा शुक्रवार आला.

मार्च एंडच्या वसुलीसाठी आमचे साहेब घाटंजीला निघाले होते, कागद सांभाळायला मी बरोबर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस असा पेटलेला की बघत राहावं! काम साडेबारालाच उरकलं! साहेब म्हणाले, दोनला निघू. माझी आजी घाटंजीला काकांकडे असते. मी एरवी जाते ती रविवारी दुपारी, उपासना आटोपून. शुक्रवारी भर दुपारी? जन्मात कधी नाही! म्हटलं, आजीला चकित करू, आणि मग मी धावतच गेले आणि दार लोटलं आणि चकित कोण झालं? मी!

काका-काकू कामावर. आजी एकटी. गॅसवरचा तवा अजून गरम! परातीला ज्वारीचं पीठ लागलेलं! घरभर भाकरीचा तो खरपूस वास! आणि भाकरीचं टोपलं? रिकामं! ताट नाही, उष्टी वाटी नाही, काही नाही!

“जेवलीस का गं आजी?”

“तू बस. तुला टाकते एक गरम भाकर.”

“पण तू जेवलीस का?”

“माझं होईल तीननंतर.”

आणि मग ती पीठ घ्यायला वाकली आणि मला वास आला. खोबरेल तेलाचा! डोकं चपचपीत, भांग सरळ, चेहरा धुतलेला, पदर नीट. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. शुक्रवार!

आमच्या लहानपणी शुक्रवार म्हणजे आजीच्या डोक्याला तेल, हे शाळेच्या घंटेइतकं पक्कं होतं. शनिवारी ती न्हायची, म्हणून शुक्रवारी तेल, असं आम्ही सगळी नातवंडं समजत होतो. आई तेच समजत होती. काकू तर एकाच घरात राहून आजही तेच समजतात! आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायात काय आहे? येशू डोंगरावर बसून लोकांना सांगतोय, की उपास कराल तेव्हा तोंड पाडून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका, तुमच्या बापाला कळलं की पुरे. मी हे किती वेळा ऐकलंय! संडे स्कूलमध्ये ऐकलं, उपदेशात ऐकलं. पण तेल म्हणजे खरंच तेल? बाटलीतलं? खोबरेल? माझ्या आजीनं ते अक्षरशः घेतलं आणि आम्हा अख्ख्या घराला तिनं पत्ता लागू दिला नाही!

“किती वर्षं करतेस हे?”

“लग्नाच्या दुसऱ्या सालापासून.”

लग्न 1974 चं. मी बँकेतली, हिशेब आपोआप होतो. एकावन्न वर्षं, वर्षाचे बावन्न शुक्रवार, बाळंतपणं वजा, आजारपणं वजा, तरी अडीच हजारांच्या आसपास! अडीच हजार दुपारी ही बाई आमच्यासाठी रांधत होती आणि स्वतः जेवत नव्हती, आणि आम्ही शाळेतून चारला यायचो तोवर तिचा उपास सुटलेला असायचा आणि ती आमच्याबरोबर मुरमुरे खात बसायची! कळणार कसं?

“आणि भाकऱ्या कुठं गेल्या? टोपलं रिकामं आहे!”

आजीनं नुसतं मागच्या भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडे एक एकटी म्हातारी राहते, आजीपेक्षाही म्हातारी. शुक्रवारच्या दुपारी आजीच्या वाट्याच्या दोन भाकऱ्या आणि कोरड्यास भिंतीवरून पलीकडे जातं. “मी खाल्ली नाही म्हणून ती वाचवायची का? ती कुणाची तरी असते,” आजी म्हणाली आणि माझ्यासाठी भाकर थापायला बसली. मी तशीच बघत राहिले! यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात हेच आहे हो! तिथं देव लोकांवर रागावलाय, उपास करता आणि भांडता, उपास करता आणि मजुरांना राबवून घेता, हा कसला उपास? भुकेल्याला आपल्या भाकरीत वाटेकरी करा, तो उपास! आजीनं ते भिंतीवरून पलीकडे दिलं होतं!

मी घरी आले आणि रात्री झोप कुठली! आणि मग मी वाचायला बसले. कच्चं, भराभर, मिळेल ते. तुम्हीही बसा माझ्याजवळ, एकेक दाखवते!

पहिलं. चाळीस दिवस! राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंतचा लेंट. यंदा 18 फेब्रुवारी ते 4 एप्रिल. मी कॅलेंडरवर पेनानं मोजलं आणि आले शेहेचाळीस! पुन्हा मोजलं. शेहेचाळीसच! आणि मग कळलं की मधले सहा रविवार धरायचेच नाहीत, रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही. शेहेचाळीस वजा सहा, चाळीस! माझी एक मैत्रीण वसईची, कॅथलिक. तिला फोन केला तर ती म्हणाली, त्यात काय, आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे! आणि त्यांच्याकडे तर नीट नियमच आहेत. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस अठरा ते एकोणसाठ वयाच्या धडधाकट माणसांनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. आणि कपाळावरची राख? ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली! म्हणजे आदल्या साली ज्या हातात धरून होसान्ना म्हटलं त्याच! मला हे माहीतच नव्हतं!

दुसरं. आजीचे तीन! तीनच का? तीनला येशूनं प्राण सोडला, हे आजी सांगते. पण ऐका! अठराव्या शतकात इंग्लंडात, ऑक्सफर्डात, जॉन वेस्ली आणि त्याचे सोबती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करायचे आणि तो सोडायचे दुपारी तीनला! त्याच वेस्लीच्या परंपरेतून 1860 मध्ये अमेरिकेत फ्री मेथडिस्ट मंडळी निघाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांचे मिशनरी आपल्या वऱ्हाडात आले, यवतमाळात आले! आजीला हा उपास शिकवला तो एका म्हाताऱ्या बायबलबाईनं. बायबलबाई हा शब्द हल्ली ऐकू येत नाही. पिशवीत शास्त्र घालून घरोघर, गावोगाव पायी जाणाऱ्या त्या बायका. आजी नगरकडची, लग्न होऊन इथं आली. आजोबा तेव्हा युनियन बिब्लिकल सेमिनरीत बागकाम करायचे. ही सेमिनरी 1953 मध्ये यवतमाळात सुरू झाली आणि 1983 मध्ये पुण्याला, बिबवेवाडीला गेली. नव्या नवरीला परकं गाव, बोली वेगळी, आणि मग ती बायबलबाई एका शुक्रवारी येऊन म्हणाली, आज दुपारी माझ्याबरोबर बस, तीनपर्यंत. ऑक्सफर्डचे तीन वाजले यवतमाळात, आजीच्या भिंतीवरच्या घड्याळात! मला तर काटा आला!

आता माझं. 27 फेब्रुवारी, माझा पहिला शुक्रवार.

मी सगळ्यांना सांगून टाकलं! हे चुकलं, पण उत्साहच इतका होता! आमच्या जेवणाच्या टेबलावर काय योग जुळला होता बघा. पंधरा तारखेला महाशिवरात्र होऊन गेलेली, त्याच आठवड्यात रोजे सुरू झालेले, आणि आता माझा लेंट. शेजारच्या काउंटरवरची ताई, चतुर्थी, सोमवार सगळं करणारी, तिनं आपुलकीनं विचारलं, “मग तुमच्यात काय चालतं? भगर? शेंगदाणे? साबुदाणा?”

“पाणी.”

“आणि?”

“पाणीच.”

“अगं बाई! फराळाचं काहीच नाही?” आणि मग रोजे ठेवणारी आमची कॅशियर हसून म्हणाली, “आमच्यात तर पाणीही नाही!” आणि तिघी एकमेकींकडे बघत बसलो! तीन बायका, तीन उपास, एक टेबल. मला ते फार आवडलं.

पण दुपारी दोनला डोकं ठणकायला लागलं. भुकेनं नाही, चहा नव्हता म्हणून! आणि मार्च एंडची ही गर्दी, आणि मग एका आजोबांचं पासबुक छापता छापता मी त्यांच्यावर खेकसले. ते काही बोलले नाहीत. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीला रबर लावलं, रबर दोनदा गुंडाळलं आणि गेले. ते रबर मला दिवसभर दिसत राहिलं.

संध्याकाळी आजीला फोन. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “खेकसायचंच होतं तर चहा प्यायची होतीस पोरी. देवाला तुझा चहा नको होता.”

किती साधं! आणि यशयाही तेच म्हणतो आणि मी ते चार दिवसांपूर्वीच वाचलं होतं!

दुसरा शुक्रवार, 6 मार्च. या वेळी कुणाला सांगितलं नाही. चहा आधीच्या चार दिवसांत हळूहळू कमी केला. गुरुवारी रात्री नीट जेवले. सकाळी डोक्याला तेल लावलं, केस बांधले, तोंड धुतलं, भरपूर पाणी प्याले. आणि डबा भरला! हो, डबा भरायचा! आजीनं सांगितलं होतं, भाकर थापायचीच. दोन पोळ्या, वांग्याची भाजी, ठेचा. बँकेत झाडझूड करणाऱ्या मावशींना म्हटलं, “मावशी, आज हा डबा तुम्ही घ्या.”

“काहून मॅडम? पोट बिघडलं का?”

“नाही हो, आज दुपारचं मला नको आहे.”

आणि मग अर्धी सुट्टी झाली आणि मैत्रिणींनो, खरा शोध मला इथं लागला! मला अर्धा तास मिळाला! पूर्ण अर्धा तास! डबा उघडायचा नाही, गरम करायचा नाही, कुणाची भाजी चाखायची नाही, हात धुवायला रांगेत उभं राहायचं नाही! सकाळी पाच ते रात्री अकरा माझं एकेक मिनिट कुणाच्या तरी नावावर लिहिलेलं असतं, स्वयंपाकाच्या, स्कूटीच्या, काउंटरच्या, सासूबाईंच्या गोळ्यांच्या. प्रार्थनेला वेळ कुठून आणू, हे मी दहा वर्षं म्हणतेय आणि वेळ इथं होता! जेवणात! मला वाटायचं उपास म्हणजे काहीतरी कमी करणं, आणि हा तर हातात अर्धा तास ठेवून गेला!

मी रेकॉर्ड रूममध्ये गेले. स्टूल, जुन्या लेजरचे गठ्ठे, धुळीचा वास, वर एक पंखा. पहिली दहा मिनिटं तर्री, नुसती तर्री! पोह्यांवरची लाल तर्री डोळ्यांपुढे! मग फोनकडे हात गेला. फोन ड्रॉवरमध्ये ठेवून आले. मग शांत बसले. आणि मग काय झालं, नावं यायला लागली. कर्जाच्या फॉर्मवर मी नावं लिहिते ना, दिवसाला तीस-चाळीस, कळंब, राळेगाव, आर्णी, दारव्हा, कापूस इतके एकर, सोयाबीन इतके एकर, थकबाकी इतकी. कधी त्या नावांचा माणूस म्हणून विचार केला होता का मी? ती नावं एकेक करून आली आणि मी ती एकेक करून देवापुढे ठेवली. रबरवाले आजोबाही आले. आमच्या जिल्ह्यात थकबाकी हा आकडा नसतो हो, ते काळीज असतं घरातलं, हे मला माहीत होतं, पण पोट रिकामं असताना ते वेगळंच कळलं!

ओठ हलत असावेत माझे, कारण शिपाईदादा फाइल घ्यायला आले आणि दारातच थबकले. आणि मला हन्ना आठवली! शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली! मूल नाही म्हणून रडणारी, जेवण टाकलेली, मंदिरात ओठ हलवत मनातल्या मनात बोलणारी, आणि एली याजकाला वाटलं ही प्यायलीय! केवढा बारीक तपशील लिहून ठेवलाय तो! आणि मग एस्तेर आठवली, जिवावरच्या कामाला निघण्याआधी तीन दिवस उपास करणारी आणि सगळ्यांना करायला लावणारी, आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातली ती चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना, मंदिर न सोडणारी, उपास-प्रार्थनेत रात्रंदिवस. बायकाच बायका! हे मला आधी कुणी का नाही दाखवलं? की दाखवलं होतं आणि मी ड्युटीवर होते?

तीनला मावशी डबा घेऊन आल्या. घासलेला, पुसलेला. मी हातात घेतला तर जड! झाकण उघडलं तर बोरं! गच्च भरून बोरं, पिकलेली, तांबूस, सुरकुतलेली! “रिकामा डबा कसा द्यावा मॅडम,” मावशी म्हणाल्या. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं. माझा पहिला खरा उपास मावशींच्या बोरांनी सुटला! पहिल्या बोराची ती आंबटगोड चव अजून जिभेवर आहे. बी किती वेळ तोंडात घोळवत बसले होते मी!

आता एक गंभीर गोष्ट, आणि ही गाळून पुढे जाऊ नका. माझी मावसबहीण नर्स आहे. तिला सांगायला गेले तर तिचा पहिला प्रश्न, “हिमोग्लोबिन किती तुझं?” मला माहीत नव्हतं! तिनं सुनावलंच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्तक्षय निघालाय. निम्म्याहून जास्त! मी तपासून घेतलं, तेव्हाच तिसरा शुक्रवार केला. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, साखरेच्या गोळ्या चालू असतील, जेवणाशी आधीच भांडण असेल, तर अन्न सोडायचं नाही, मुळीच नाही! आजीनंही बाळंतपणात केला नव्हता. दानिएलानं तर तीन आठवडे फक्त चांगलंचुंगलं सोडलं होतं. माझ्या एका मैत्रिणीला सहावा महिना आहे, ती शुक्रवारी दुपारी पोटभर जेवते आणि तीनपर्यंत फोन बंद ठेवते. तिचाही उपासच म्हणते मी. आणि वजन? कृपा करून वजनकाट्यावर उभ्या राहू नका! हे त्यासाठी नाहीच!

आणि मग पंडिता रमाबाई. मी त्यांच्यापर्यंत पोचले आणि थांबलेच.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी प्रार्थनेसाठी बायका-मुली जमवल्या. सुरुवातीला सत्तरच्या आसपास. जूनपर्यंत साडेपाचशे! दिवसातून दोनदा! आणि मग जूनच्या अखेरीला तिथं जे जागरण सुरू झालं त्यात मुलींना जेवणाखाण्याचं भान राहिलं नाही. मी ‘वा!’ म्हणणार होते, तेवढ्यात मागचं पान आठवलं. ही कोण बाई? 1874 च्या सुमाराला, मद्रासकडच्या दुष्काळात, काही महिन्यांच्या आत हिनं वडील गमावले, आई गमावली, बहीण गमावली. भुकेपायी. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, पुराणं सांगत अनवाणी हिंडणारं कुटुंब, व्रतं आणि उपास करून करून थकलेलं आणि मग खायलाच नसलेलं. आणि हीच बाई 1897 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली घेऊन आली आणि आधी त्यांना जेवू घातलं! आधी जेवण! प्रार्थनेला बसली ती साडेपाचशेची मंडळी नंतर, आठ वर्षांनी!

मी हे आजीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “बहात्तरात आम्ही खडी फोडली. मी वीस वर्षांची. सुकडी मिळायची, ती धाकट्यांना द्यायचो. तो उपास नव्हता पोरी, ती उपासमार होती. दोन्हीला एक समजू नकोस. टोपल्यात भाकर असताना ठेवलीस, तर तो उपास.”

उपास आणि उपासमार! आपल्याच भाषेत किती जवळजवळ ठेवलेत हे दोन शब्द, आणि मी अठ्ठावीस वर्षं बोलतेय, कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते! तेव्हा मला भिंतीवरून जाणाऱ्या त्या भाकऱ्या कळल्या. दुष्काळ खाऊन मोठी झालेली बाई अडीच हजार शुक्रवार स्वतःची भाकर उचलून दुसऱ्याला देते आणि डोक्याला तेल लावून बसते!

बरं, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. गुपचूप कर असं सांगितलंय आणि ही छापायला निघाली! मलाही तेच टोचत होतं. आजीला विचारलं. म्हणाली, “माझं नाव घालू नको, आणि तुझं सांगू नको किती केलेस ते. पण बायकांना तो अर्धा तास सांग.” तीन शुक्रवार झालेत, हे मी वर सांगून बसलेच आहे, तेवढं आजीनं माफ करावं.

आज गुरुवार, 19 मार्च, गुढीपाडवा. समोरच्या वहिनींनी आत्ताच पुरणपोळ्या पाठवल्या, तुपात थबथबलेल्या, आणि मी चांगल्या दोन खाल्ल्या! उद्याचा डबा ठरलाय, मेथीची भाजी आणि पोळ्या. मावशींच्या नातीला मेथी आवडते, हे मला गेल्या शुक्रवारी कळलं. वहिनींचं ताट धुऊन ठेवलंय, त्यात काय घालून परत द्यावं ते सुचत नाहीये. आणि खोबरेल तेलाची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली काढून आरशापाशी ठेवली. नवरा विचारत होता, “हल्ली दर शुक्रवारी तेल कसलं लावतेस गं?”

म्हटलं, “शनिवारी न्हायचंय ना!”

आणि मग मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की मी स्वयंपाकघरात पळाले आणि आजीला फोन लावला!